कऱ्हा: गराड्यापासून सोनगावपर्यंत, दोन रविवार आणि एक पंक्चर

बिनपाण्याचा_बंधारा

आमचं गाव कऱ्हेकाठी, मोरगावच्या खाली. गेल्या दिवाळीत सहावीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, आपली नदी येते कुठून?" मी म्हटलं, "नाझरे धरणातून." तो म्हणाला, "धरणातून कशी येईल, धरणात कुठून येते?" पन्नाशीला आलेल्या माणसाला सहावीतल्या पोराने गप्प केलं. मग यंदा पावसाळा सरता सरता दोन रविवार काढले आणि दुचाकीवरून नदी वरपासून खालपर्यंत पाहिली. जमेल तिथे पात्रात उतरलो. जे दिसलं ते लिहितोय, चुकलं तर सुधारा.

पहिल्या रविवारी कोंढव्याकडून बोपदेव घाट चढलो. भिवरीवरून गराडे. इथे पहिली गोष्ट लक्षात आली, जी आयुष्यभर एसटीतून जाऊनही कधी डोक्यात शिरली नव्हती. दिवेघाट घ्या की बोपदेव, पुण्याकडून घाट चढता येतो, पण पलीकडे तसा घाट उतरावा लागत नाही. चढलात की थेट पठारावर. म्हणजे कऱ्हेचं खोरं पुण्यापेक्षा चांगलंच उंचावर बसलंय. उत्तरेला भुलेश्वरची रांग, दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची रांग, आणि दोन्हींच्या मधल्या लांबट परातीतून आपली बाई पूर्वेकडे निघालेली.

उगम म्हणजे गोमुख, कुंड, पायऱ्या असं काही डोळ्यांसमोर असेल तर निराशा होईल. गराड्याच्या वर डोंगरात चतुर्मुख महादेवाचं ठिकाण आहे, त्या अंगाने ओहोळ उतरतात. कुठला कऱ्हेचा आणि कुठला नुसताच ओढा, हे गावातल्या तिघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. तिसऱ्या आजोबांनी वर ऐकवलं, "जो जूनमध्ये पहिल्यांदा वाजतो, ती कऱ्हा." मला ही व्याख्या पटली. आजूबाजूला भातखाचरं होती. आमच्याकडे बाजरी आणि ज्वारीशिवाय काही न पाहिलेल्या मला एकाच नदीवर भात बघून कसंसंच झालं.

गराड्यालाच धरण आहे. म्हणजे नदी चालायला लागते न लागते तोच पहिली अडवणूक. मग कोडीतच्या बाजूने सासवड. सासवडला चांगावटेश्वर आणि संगमेश्वर ही दोन्ही देवळं पाहिली. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसलो. देऊळ देखणं, पाण्याचा वास मात्र बसू देईना. शहराचं सांडपाणी. याहून जास्त लिहीत नाही.

सासवडहून खाली खळद, बेलसरच्या मुलखातून नदी नाझऱ्याला येते. नाझरे धरण म्हणजे मल्हारसागर. जेजुरी आणि आजूबाजूची गावं यावर. नाव सागर असलं तरी पोट लहान, पुरती एक टीएमसीही साठवण नाही. यंदा भरलेलं होतं म्हणून बरं दिसलं. कोरड्या वर्षी मी याच धरणाच्या तळात भेगाळलेला गाळ पाहिलाय.

दुसरा रविवार धरणाच्या खालचा. पांडेश्वर, मोरगाव, कऱ्हाटी, अंजनगाव, कऱ्हावागज, बारामती, सोनगाव. पांडेश्वरचं जुनं विटांचं देऊळ बघायचं राहिलं असेल तर आधी ते बघा. मोरगावच्या खाली पात्रात गाडी घातली आणि वेड्या बाभळीच्या काट्याने बदला घेतला. दीड किलोमीटर गाडी ढकलत गेलो. त्या दीड किलोमीटरात नदी जेवढी कळली तेवढी आधीच्या साठात कळली नसेल. पात्र रुंद आहे, काही ठिकाणी चांगलं दांडगं. वाळू उपसून खाली खडक उघडा पडलाय. मधे डबकी, डबक्यांत बगळे. एवढं मोठं पात्र खोदणारं पाणी कधीतरी येतंच असणार, पण आमच्या पिढीने नदी पाहिली ती बहुतेक अशीच, रिकामी.

सोनगावला सोनेश्वराच्या देवळापाशी कऱ्हा नीरेला मिळते. नीरेचा पलीकडचा काठ पुणे जिल्ह्याच्या बाहेर. संगमावर उभं राहून भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने बघितलं आणि विचारलं, "यातलं आपलं पाणी कुठलं?"

ते मी तुम्हाला विचारतोय.

---

सासवडची_सून

छान लिहिलंय दादा. एक दुरुस्ती, की भर म्हणा. संगमेश्वराला तुम्ही फक्त कऱ्हा लिहिलीत. तो संगम आहे, दुसरी नदी चांबळी. तिला भोगावतीही म्हणतात. बोपदेव घाटातून येताना चांबळी गाव लागतं ना, त्या बाजूने येते. सोपानकाकांची समाधीही या चांबळीच्या अंगाला आहे. बाहेरचे लोक सरसकट "कऱ्हाकाठची समाधी" म्हणतात आणि आमचे सासरे दर वेळी चिडतात.

कऱ्हेकाठी आहे ती बाळाजी विश्वनाथांची समाधी. पहिले पेशवे १७२० मध्ये सासवडलाच गेले. पुण्यातले किती लोक ती बघायला येतात विचाराल तर सांगत नाही.

वासाबद्दल लिहिलंत ते खरं आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई सांगायच्या, गोधड्या धुवायला नदीवर जायचो. मी एकदाही गेले नाही.

---

उगाच_एक_शंका

धागा वाचतोय. माझी शंका अगदी प्राथमिक आहे, हसू नका. कऱ्हाड आणि कऱ्हा यांचा काही संबंध? मी इतकी वर्षं समजत होतो की कऱ्हाड कऱ्हेवर आहे.

---

बिनपाण्याचा_बंधारा

@उगाच_एक_शंका, काही संबंध नाही. कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर. आपली कऱ्हा तिथून कुठच्या कुठे. तुम्ही एकटे नाही आहात, आमच्या ऑफिसात एकाने मला "म्हणजे तुम्ही साताऱ्याचे" असं तीन वर्षं धरून चालवलं होतं.

@सासवडची_सून, बरोबर ताई, चांबळी राहिलीच. सासऱ्यांना माझ्यातर्फे दिलगिरी सांगा.

---

दगडधोंडे

उगमाबद्दलचं आजोबांचं उत्तर वहीत लिहून ठेवलं.

थोडं भूगोलाचं. ही जी "लांबट परात" म्हणताय, ती सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे फुटलेल्या दोन फाट्यांमधली दरी आहे. दख्खनचा बेसाल्ट, आडवे थर. महत्त्वाचं म्हणजे कऱ्हेचा उगम घाटमाथ्याच्या ऐन धारेवर नाही. नीरा, मुठा, पवना या नद्यांची डोकी जिथे पाऊस धबाधबा कोसळतो तिथे आहेत. कऱ्हेचं डोकं त्यांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या उंबरठ्यावर. गराड्याच्या बाजूला अजून पश्चिमेचा पाऊस थोडाफार पोचतो, म्हणून तुम्हाला भात दिसला. सासवड ओलांडलं की तो आटतो. बारामतीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बराचसा परतीचा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुठेला पूर असताना कऱ्हा कोरडी, आणि गणपती उठल्यावर कधीतरी अचानक कऱ्हेला लोंढा.

त्यात खाली खडक कठीण, वर मातीचा थर पातळ. पाणी मुरलं तरी भेगांमध्ये मुरणार, तेवढंच विहिरींना. दिवाळीनंतर नदीला झरे सोडायला उरतं काय?

थोडक्यात, ही बारमाही नदी होती आणि आपण ती मारली, असं सरसकट म्हणता येणार नाही. ती मुळातच हंगामी. आपण तिचा हंगाम अजून आखूड केला.

---

पाटकरी

दगडधोंडे साहेब, तुमचं बरोबर आहे पण आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. संक्रांतीपर्यंत झिरपा चालायचा. पात्रात वाळूत खड्डा घेतला की हातभर खाली गोड पाणी. त्याला आम्ही झिरा म्हणतो. उन्हाळ्यात सगळं गाव झिऱ्यावर. आता वाळूच नाही तर झिरा कशात घेणार?

मी पाटबंधाऱ्यात होतो, नीरा डाव्या कालव्यावर. आता निवृत्त. बारामतीची गंमत लोकांना माहीत नसते ती सांगतो. बारामती तालुका म्हटलं की ऊस, कारखाने, हिरवंगार असं बाहेरच्याला वाटतं. ते सगळं कालव्याचं. कालव्यात पाणी नीरेचं, भाटघर-वीर धरणांचं. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला आणि मग इंग्रजांनी १८८० च्या दशकात हा कालवा काढला. तो बारामतीवरून पुढे इंदापूरकडे जातो, म्हणजे वाटेत त्याला कऱ्हा ओलांडावीच लागते.

आता बघा. कालव्याच्या खालचं बागायत, वरचं जिरायत. आणि कऱ्हा वाहते कुठून? वरच्या जिरायती पट्ट्यातून! मोरगाव, कऱ्हाटी, जळगाव, अंजनगाव, सगळी नदीकाठची गावं आणि सगळी जिरायती. गावाच्या नावात नदी, पण प्यायला टँकर. आणि ज्यांच्या नावात नदी नाही त्यांच्या उसाला कालव्याच्या पाण्याची पाळी. मी चौतीस वर्षं पाळ्या दिल्या, पण माझ्या स्वतःच्या गावच्या शेताला एक पाळी देऊ शकलो नाही, कारण पाणी चढाला जात नाही.

---

मुक्काम_मोरगाव

पाटकरी काका, शेवटचं वाक्य लागलं.

आमच्या मोरगावचं थोडं. अष्टविनायकातला पहिला, मयूरेश्वर, कऱ्हेच्या काठावर. भाविक गाडीतून उतरतात, दर्शन, पेढे, परत गाडीत. नदीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मोरया गोसावींना कऱ्हेत स्नान करताना गणपतीची मूर्ती सापडली आणि ती त्यांनी चिंचवडला नेली, अशी परंपरेतली कथा आहे. म्हणजे चिंचवडच्या देवस्थानाचं मूळ पवनेत नाही, कऱ्हेत. लहानपणी आजोबांबरोबर नदीवर गेलो की मी डबक्यात हात घालून मूर्ती शोधायचो. एकदा चप्पल सापडली.

आणि नाव. धाग्यात अजून कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. कऱ्हा म्हणजे करा, कमंडलू. ब्रह्मदेव गराड्याच्या डोंगरात ध्यानाला बसले होते. इकडे पांडवांचा पांडेश्वरला यज्ञ, आणि पाणी नाही. मग कुणी म्हणतं अर्जुनाने, कुणी म्हणतं भीमाने जाऊन कमंडलू कलंडवला. पाणी पळालं, त्यामागे पांडव पळाले, त्यांच्यामागे ब्रह्मदेव. ब्रह्मदेवांना थोपवायला वाटेत महादेवाच्या पिंडी मांडत गेले, म्हणजे ते पूजेला थांबतील. म्हणून कऱ्हेकाठी इतकी शंकराची देवळं. भीमाचंच काम असणार, कलंडवणं हे अर्जुनाला शोभत नाही.

---

करवली

माझा आयडी बघून तरी कुणीतरी हे आधी लिहायला हवं होतं! करा म्हणजे लग्नातला तो पाण्याचा गडू किंवा मातीचं बोळकं. करा धरणारी ती करवली. अक्षय्य तृतीयेला करा-केळी देतात तोच करा. तेव्हा कऱ्हा म्हणजे अक्षरशः कलंडलेला करा. त्यात पाणी टिकत नाही याचं मग काय नवल.

---

पोथीबाज

नावाच्या बाजूने एक भक्कम पुरावा. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत बारामतीत लिहून पुरं केलं, शके १६४० मध्ये, म्हणजे आपल्या १७१८-१९ च्या सुमारास. शेवटच्या भागात ते ठिकाण सांगतात तेव्हा नदीला 'ब्रह्मकमंडलू' म्हणतात आणि बारामतीला 'द्वादशमती'. म्हणजे कमंडलूची कथा किमान तीनशे वर्षं तरी लोकांच्या तोंडी आहे. श्रावणात घरोघरी अकरावा अध्याय वाचतात. पण हा ग्रंथ कऱ्हेच्या काठावरचा आहे, हे वाचणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं?

पुढे मोरोपंतही बारामतीतच, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला. १७९४ मध्ये तिथेच गेले. आणि विसाव्या शतकात आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ते 'कऱ्हेचें पाणी'. एवढ्याशा नदीने मराठीला जेवढं दिलं तेवढं शेताला दिलं असतं तर पाटकरी काकांची तक्रार उरली नसती.

---

पाटकरी

पोथीबाज, मोरोपंतांच्या आर्यांवर ऊस येत नाही.

---

उगाच_एक_शंका

अजून एक शंका, ही शेवटची. खंडोबाचं कडेपठार म्हणजेच कऱ्हेपठार का? दोन्ही शब्द ऐकलेत आणि दोन्ही जेजुरीच्याच आसपास.

---

सासवडची_सून

नाही हो! यावर सासवडात भांडणं होतात. कडेपठार म्हणजे जेजुरीच्या गडामागचं उंच पठार, खंडोबाचं जुनं ठाणं. कऱ्हेपठार म्हणजे या खोऱ्यातला मुलूख. जुन्या कागदात 'तर्फ कऱ्हेपठार' असं प्रांताचं नाव येतं. एक देवाचं, एक नदीचं. टायपिंगमध्ये ऱ्ह येत नाही म्हणून लोक कडे लिहून मोकळे होतात आणि घोळ वाढतो.

---

बिनपाण्याचा_बंधारा

ऱ्ह बद्दल बोलू नका. हा धागा लिहिताना मी ते अक्षर एकदा काढलं आणि मग प्रत्येक ठिकाणी चिकटवलं.

जेजुरीचा विषय निघालाच आहे तर सोमवतीबद्दल लिहायचं राहिलं. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून निघून कऱ्हास्नानाला येते. वडील खांद्यावर बसवून न्यायचे. भंडाऱ्याने माणसं पिवळी, वाट पिवळी, आणि स्नान झालं की पाणीही पिवळं. वर्षभर जिच्याकडे कुणी बघत नाही तिच्या काठी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. वडील म्हणायचे, देव नदीला भेटायला येतो, नदी देवाला भेटायला जात नाही, हा मान लक्षात ठेव.

---

ओलांडलेला_पूल

इतकं सगळं वाचून वाटतंय ही गरीब गाय आहे. २५ सप्टेंबर २०१९ विसरलात का?

त्या रात्री मी बारामतीत होतो. पुण्यात आंबिल ओढ्याने हाहाकार केला हे सगळ्यांना माहीत आहे, बातम्यांत तेच होतं. पण तोच पाऊस डोंगराच्या या बाजूलाही कोसळला. कात्रज आणि बोपदेवच्या आसपासचा उंच भाग डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला उतरलं ते आंबिल ओढ्यात, पश्चिमेला खेड शिवापूरकडे उतरलं ते शिवगंगेत, पूर्वेला उतरलं ते कऱ्हेत. एकाच छपराची तीन पन्हाळं, तिन्ही एकाच रात्री वाहिली आणि तिन्हीकडे माणसं गेली.

नाझरे एवढंसं धरण, आधीच भरत आलेलं. आलेलं सगळं पाणी खाली सोडावं लागलं. आमच्याकडे रात्री ऐंशी हजार क्युसेकच्या पुढचा आकडा फिरत होता. ज्या नदीत आम्ही क्रिकेट खेळलो तिच्यात! पहाटे नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या केल्या. लोक विश्वासच ठेवेनात. एक आजी म्हणाल्या, "कऱ्हेला पूर? कुणाच्या नळाला पाणी येत नाही तर हिला कुठून यायचं?" दोन तासांनी त्यांच्या ओट्याला पाणी लागलं.

धागाकर्ते, तुम्ही विचारता एवढं रुंद पात्र कुणी खोदलं. अशाच रात्रींनी. नदी दहा-वीस वर्षांतून एकदा येऊन आपली जागा मोजून जाते. मधल्या काळात आपण तिथे भिंती बांधतो.

---

दगडधोंडे

+१. पन्हाळांची उपमा चोरतोय, वर्गात वापरीन. अशा नदीचा सरासरी प्रवाह काढणं निरर्थक असतं, कारण सरासरीइतकं पाणी तिच्यात जवळजवळ कधीच नसतं. एकतर काही नाही, नाहीतर सगळंच.

---

लोकल_नेटिव्ह

मूळ प्रश्नाकडे येऊ का? "यातलं आपलं पाणी कुठलं?" भाच्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. मी पुरंदरचा अंजीरवाला. आमच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, सीताफळ तर सगळ्यांना माहीत आहेच. ही पिकं इथे रुजली ती कमी पाणी आणि मुरमाड जमीन होती म्हणून. पण आता आमच्याकडे येणारं पाणी बघा.

पुरंदर उपसा योजना: पुण्याने वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी कोरेगाव मूळजवळ उचलायचं आणि पंपांनी भुलेश्वरच्या रांगेवरून या बाजूला टाकायचं. वर लिहिलंय ना, आपलं खोरं पुण्यापेक्षा उंच आहे, तर तेवढी उंची विजेने चढायची. बिल भरलं नाही की पाणी बंद. खाली सुपे-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात जनाई-शिरसाई योजना, ती खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर. दक्षिणेकडून गुंजवणीचं पाणी पुरंदरला आणायचं, हे तर मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

म्हणजे कऱ्हेच्या खोऱ्यात मुठेचं, मुळेचं पाणी येतं, गुंजवणीचं यायचंय, आणि खाली बारामतीत नीरेचं कालव्याने शिरतं. शेतात जातं, थोडं मुरतं, थोडं ओढ्याने कऱ्हेत उतरतं. सोनगावला नीरेला मिळतं त्या पाण्यात नीरेचंच पाणी फिरून आलेलं असणार. भाच्याला सांगा, नदी आपली आहे, पाणी सगळ्यांचं आहे.

आमच्या अंजिराला ते पुण्याचं काळं पाणी द्यायचं की नाही यावर मात्र घरात रोज वाद. वडील म्हणतात विहीर बरी. विहीर म्हणते मला विचारू नका.

---

रानवाटा

@लोकल_नेटिव्ह, आणि पुरंदरचा प्रस्तावित विमानतळ? पारगाव, खानवडी, वनपुरी, एखतपूर... या गावांचा विषय काढल्याशिवाय कऱ्हा खोऱ्याचा धागा पुरा कसा होणार? महात्मा फुल्यांचं खानवडी त्या यादीत आहे. एवढी जमीन सपाट केली तर तिथले ओढे

---

धागा_राखणदार

विमानतळावर स्वतंत्र धागा चालू आहे, दोनशे प्रतिसाद झालेत आणि त्यातले चाळीस मला उडवावे लागलेत. इथे नदीवरच बोला. ओढ्यांचा मुद्दा योग्य आहे, तो नावं न घेता, राजकारण न आणता मांडायचा असेल तर जरूर मांडा.

---

रानवाटा

ठीक. एवढंच मांडतो. कऱ्हेसारखी नदी म्हणजे एक मोठा प्रवाह नसतो, शेकडो ओढे असतात. वर उगमाचंच बघा, गावातल्या तिघांना एक ओढा ठरवता येईना. अशी नदी कुठे संपते हे नकाशात दिसतं. ती कुठे कुठे सुरू होते हे नकाशात नसतं, म्हणून तिथे कोण काय करतंय हेही कुणाला दिसत नाही.

---

ओहायोतला_काका

इथे बाहेर बर्फ आणि मी कऱ्हा वाचतोय. माझं बालपण बारामतीचं, सिद्धेश्वराच्या देवळामागे नदीत पोहायला शिकलो. हो, पोहायला! पाठीला वाळलेला भोपळा बांधून. आता तिथे जलपर्णी आहे का? बरेच फोटो मागवले, सगळ्यांनी काठावरच्या नव्या बाकांचे आणि दिव्यांचे पाठवले. पाण्याचा एकाने पाठवला नाही.

वाखूसा (वाचनखूण साठवली). कुणीतरी पाण्याचा फोटो टाका रे.

---

ओलांडलेला_पूल

काका, बाकांचे फोटो पाठवतात ते तुमच्यावरच्या प्रेमापोटी. पाण्याचा सांगतो तेव्हा मागा.

---

मुक्काम_मोरगाव

एक गंमत बघा. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते, मग जेजुरी, वाल्हे आणि पुढे नीरेवर स्नान. इकडे कऱ्हाही सासवडहून निघून जेजुरीशेजारून जाते आणि शेवटी नीरेलाच मिळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरला. म्हणजे कऱ्हेचं पाणीही वारीला जातं, फक्त वळसा घालून.

---

पाटकरी

जातं, पण मधे वीसेक बंधारे आहेत. प्रत्येक मुक्कामाला थोडे थोडे वारकरी घरी परततात.

---

दगडधोंडे

मोरगावकर, याला जोडून एक. भुलेश्वरच्या धारेवर दोन थेंब पडले. एक उत्तरेला घरंगळला, तो मुळा-मुठा, भीमा, उजनी करत नरसिंहपूरला. दुसरा दक्षिणेला, तो कऱ्हा, नीरा करत नरसिंहपूरलाच. दोघांची ताटातूट झाली ती थेट इंदापूर तालुक्याच्या टोकाला मिटते. लोकल_नेटिव्ह यांनी सांगितलेलं उपसा पाणीसुद्धा, पंपाने इकडे टाका नाहीतर तिकडे सोडा, शेवटी जाणार तिथेच. वाटेत कुणाच्या शेतातून जाणार एवढाच काय तो फरक, आणि सगळं भांडण त्या फरकाचंच आहे.

---

बिनपाण्याचा_बंधारा

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचून दाखवला. नरसिंहपूरचं त्याला आवडलं, भूगोलाच्या वहीत काढून ठेवलंय. कमंडलूची गोष्ट त्याला आधीच माहीत होती, आईने सांगितली होती म्हणे. भीमानेच कलंडवला, असं त्याचंही मत आहे.

आता त्याचा हट्ट आहे की येत्या पावसाळ्यात गराड्याला पहिला ओढा वाजेल तेव्हा तिथे असायचं. तारीख कोण सांगणार? गराडे-भिवरीकडचं कुणी इथे असेल तर जूनमध्ये एक निरोप टाका, रात्री-अपरात्रीही चालेल. आणि सोनगावला जाणाऱ्यांना एक सूचना: संगमापाशी खाली उतरताना चिखल आहे, गाडी देवळापाशीच ठेवा. पंक्चरचं दुकान बरंच मागे आहे.

---

सासवडची_सून

गराड्याला माझी नणंद दिली आहे. तिला सांगून ठेवते. तीही हेच विचारेल, तीन ओढ्यांपैकी कुठला वाजल्यावर फोन करू?